आत्याबाई बसल्या आहेत, सबब भोंगा वाजलेला नाही

बटणांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याचं काय काम, असा प्रश्न भोंगेसाहेबांना त्यांचे भाऊजी रोज जेवताना विचारायचे. "बटणं काय चावतात की काय रे?" असं म्हणून ते स्वतःच खो खो हसायचे. मग ताई "अहो, जेवू द्या की त्याला" म्हणायची. पण तीही पदराआड हसतच.

भोंगेसाहेब या बहिणीच्याच घरी, बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपायचे. सोफा त्यांच्याहून चांगला हातभर आखूड होता, त्यामुळे पाय शेजारच्या खुर्चीवर ठेवावे लागत आणि सकाळी भाऊजी पेपर वाचायला आले, की पायांना खुर्ची सोडावी लागे. नोकरी कायम झाली की स्वतःची खोली घ्यायची आणि पाय ताणून झोपायचं, एवढंच ध्येय त्या माणसाच्या आयुष्यात उरलं होतं. आजवरच्या सगळ्या नोकऱ्या हंगामीच निघाल्या होत्या. भाऊजी तर चारचौघांत त्यांची ओळख "हे आमचे हंगामी मेव्हणे" अशीच करून द्यायचे.

म्हणून मालकांनी जेव्हा शब्द दिला, तेव्हा भोंगेसाहेबांना ते पाय दिसायला लागले, ऐसपैस पसरलेले.

"हे बघा," मालक म्हणाले होते, "आगीच्या ड्रिलला इन्स्पेक्टर येणार आहे. ड्रिल पास झाली, तर तुम्ही कायम. शब्द म्हणजे शब्द."

भोंगेसाहेब कामाला लागले. आधी छपरावर एक दणदणीत भोंगा बसवला, त्यावरून त्यांना हे नाव पडलं. मग दारावर मोठा फलक रंगवून घेतला, 'भोंगा वाजला, तर सगळे बाहेर', आणि खाली मालकांची सही. तेवढ्यावर थांबले असते तर पुढचं रामायण टळलं असतं. पण साहेबांनी कुठल्याशा प्रशिक्षणात तर्कशास्त्राचा एक तास ऐकला होता. ऐकलेलं पोटात राहतंय होय?

त्यांनी सगळ्यांना चहाच्या सुट्टीआधी अंगणात गोळा केलं आणि हातात एक बटण धरून उभे राहिले.

"आपल्या कारखान्याचं बटण असेल, तर त्याला भोकं किती?"

"चार!" सगळे ओरडले. हे शेंबडं पोरही सांगेल.

"मग हे आपलं का?" त्यांनी दोन भोकांचं बटण वर धरलं.

"छ्या! चार भोकं नाहीत, म्हणजे आपलं नाही."

"वा! आता काय केलंत तुम्ही? वाक्य उलटं केलंत आणि दोन्हीकडे 'नाही' लावलंत. आपलं असेल तर चार भोकं. चार भोकं नाहीत तर आपलं नाही. मूळ वाक्य खरं, तर हेही खरं. एकाच बटणाची ही एक बाजू आणि ही दुसरी."

लोकांना गंमत वाटली. पॅकिंगमधल्या वहिनींनी तिथल्या तिथे त्याचं बारसंही केलं: 'उलटनाही'.

"आणि साहेब, नुसतंच उलटं केलं तर?" फोरमनने विचारलं. "'नाही' न लावता?"

"ते चालत नाही हं. चार भोकं आहेत म्हणून बटण आपलंच असेल, असं थोडंच आहे? दुसऱ्या कुणाचंही..." एवढ्यात चहा आला. हे शेवटचं वाक्य चहाच्या किटलीखाली चिरडलं गेलं आणि कुणीच ते ऐकलं नाही.

चहा पिता पिता साहेबांनी मुद्द्याला हात घातला. "आता हेच भोंग्याला लावा. भोंगा वाजला, तर सगळे बाहेर. करा उलटनाही!"

"कुणी आत असेल, तर भोंगा वाजलेला नाही!" फोरमन गरजला.

टाळ्या पडल्या. साहेबांना स्फुरण चढलं. "आणि एक लक्षात ठेवा! इथे पॉलिशचे ड्रम दिवसभर गडगडतात. घरी गेलं तरी कानात काहीबाही वाजत असतं. तेव्हा कानांवर भरवसा ठेवू नका. डोक्यावर ठेवा!"

आपल्या पायावर पाडायचा धोंडा माणूस असा स्वतःच निवडतो, उचलतो, वर पॉलिशही करून घेतो.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्याला उलटनाहीचा ताप भरला. फोरमन म्हणू लागला, "काम झालं असेल तर मी ओरडत नाही. मी ओरडतोय! म्हणजे?" आणि पोरं कोरसमध्ये, "काम झालं नाही!" कॅन्टीनवाल्याला कुणी चहा गार आहे म्हणालं, तर तो कपावर वाकून, "गरम असेल तर वाफ येते, वाफ येत नाहीये, म्हणजे तुमचं बरोबर आहे," असं कौतुकाने सांगायचा, चहा मात्र बदलून द्यायचा नाही. पॅकिंगमधल्या वहिनींनी नवऱ्याला सुनावलं, "तुमचं माझ्याकडे लक्ष असतं, तर मी केस कापलेत हे दिसलं असतं. दिसलं नाही. निघतंय ते तुम्हीच काढा." तो बिचारा दोन दिवस डबाच न घेता कामावर जात होता. टेम्पो ड्रायव्हरने "डिझेल असेल तर टेम्पो चालतो, चालत नाही, म्हणजे डिझेल नाही" असं पक्कं करून टाकी गळ्यापर्यंत भरली. मग कळलं की बॅटरी गेली होती. उलटनाही चोख होतं, मूळ वाक्यच फसकं होतं. यातून काही शिकावं, असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. ड्रायव्हरच्या तर अजिबातच नाही.

आणि मग पहिली रंगीत तालीम झाली.

इथे आत्याबाईंची गाठ घालून देणं भाग आहे. आत्याबाई म्हणजे मालकांच्या सख्ख्या आत्या. कारखान्यात सगळ्यांच्याच आत्या. अंगणाकडे मोठी खिडकी असलेल्या निवड-खोलीत त्या दिवसभर एका टेबलाशी बसायच्या आणि पांढऱ्यातून पांढरं वेगळं करायच्या. दुधी पांढरं, शंखी पांढरं, खडू पांढरं, हाडकी पांढरं. तुम्हाआम्हाला सगळी बटणं सारखीच. आत्याबाईंना त्यांच्यात दीर आणि जावयाइतका फरक दिसायचा. पण त्यासाठी डोळे स्थिर बसावे लागतात. खोलीतल्या मंद उजेडात नजर मुरली, की मग पांढऱ्यातला पांढरा बोलायला लागतो. एकदा बाहेरच्या उन्हात गेलं, की तो दिवस फुकट. म्हणून आत्याबाई सकाळी बसल्या की संध्याकाळीच उठायच्या. मध्ये कुणी मेलं तरी "थांबायला सांगा" म्हणतील, अशी त्यांची ख्याती होती.

तर साहेबांनी खटका दाबला. भोंगा असा केकाटला, की छपरावरची कबुतरं दुसऱ्या गावी राहायला गेली. सगळे लोक शिस्तीत अंगणात आले. साहेबांचा ऊर भरून आला. तेवढ्यात फोरमनने खिडकीतून आत बघितलं.

"आत्याबाई बसल्यात."

"बसल्यात?" मागून वहिनी टाचा उंचावून बघत होत्या.

"बसल्यात. म्हणजे कुणीतरी आत आहे. म्हणजे भोंगा वाजलेला नाही."

"मग आपण कशाला उन्हात उभे? चला!"

आणि सगळे जसे आले तसे शिस्तीत आत गेले.

"अरे, थांबा!" साहेब धावत आले. "वाजला! मी स्वतः वाजवला! खटका माझ्या बोटाखाली होता!"

फोरमनने त्यांच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. "साहेब, कानांवर भरवसा ठेवायचा नाही. तुम्हीच सांगितलंत ना?"

"अरे, पण आत्याबाई उठतच नाहीत! म्हणजे नियमच..." आणि साहेबांनी जीभ चावली. नियमच खोटा आहे, असं सुरक्षा अधिकाऱ्याने म्हणायचं? फलकावर मालकांची सही असताना? नियम खोटा म्हणजे ड्रिल नापास, ड्रिल नापास म्हणजे परत तो सोफा.

मग त्यांनी आत्याबाईंचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "आत्याबाई, फक्त त्या दिवशी. पाच पावलं. दारापर्यंत."

"भोंग्या," आत्याबाई बटणांवरची नजर न हलवता म्हणाल्या, "खरी आग लागली तर बघू."

"अहो, आग लागल्यावर काय बघणार!"

"ज्वाळा. आणि उजेडातून बाजूला हो, माझं खडू हाडकीत चाललंय."

मालकांकडे गेले, तर मालकांनीच कानांवर हात ठेवले. "माझ्या लग्नात सुद्धा ती संध्याकाळनंतर आली हो. मी काय सांगणार?"

असा तो इन्स्पेक्टरचा दिवस उजाडला. सकाळी भाऊजी खुर्चीवर बसता बसता म्हणाले, "काय मेव्हणे, आज रात्रीही पाय इथेच का?" साहेब चहा तसाच ठेवून निघाले.

इन्स्पेक्टर म्हणजे हसणं सरकारजमा केलेला माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात शिटी. त्याने खटका स्वतः दाबला. भोंगा केकाटला. लोक बाहेर आले, फोरमनने खिडकीतून बघितलं, लोक आत गेले.

इन्स्पेक्टर अंगणात एकटाच. "हे काय?"

"काय काय, साहेब?" फोरमन दारातून डोकावला.

"भोंगा वाजला. बाहेर राहायचं असतं!"

"नाही वाजला, साहेब."

"मी ऐकला!"

"भोंगा वाजला, तर सगळे बाहेर," फोरमनने फलकाकडे बोट केलं. "आत्याबाई आत आहेत. म्हणजे वाजला नाही. तुम्हाला नियमावर शंका आहे का, साहेब? खाली मालकांची सही आहे."

इन्स्पेक्टरच्या आयुष्यात नियमावर शंका कधी आलीच नव्हती. त्याने करंगळी कानात घालून हलवली. पुन्हा खटका दाबला. पुन्हा बाहेर, पुन्हा खिडकी, पुन्हा आत. तिसऱ्या वेळी तर लोकांनी खिडकीशी रांगच लावली, म्हणजे प्रत्येकाला आपापली खात्री करून घेता येईल. पाचव्या वेळी इन्स्पेक्टर स्वतःच खिडकीशी गेला, आत बघितलं आणि पुटपुटला, "बसल्यात खऱ्या." बिचारा पार घसरत चालला होता.

भोंगेसाहेबांच्या पाचावर धारण बसली. सोफा डोळ्यांपुढे फेर धरून नाचू लागला.

"या बाईंना भेटू द्या मला," इन्स्पेक्टर शेवटी म्हणाला आणि निवड-खोलीत शिरला. साहेब मागोमाग. "बाई! तुम्ही आगीच्या प्रसंगी..."

आत्याबाईंनी मान वर केली. त्यांची नजर इन्स्पेक्टरच्या तोंडापर्यंत गेलीच नाही, छातीपाशी अडकली.

"हे कुणी लावलं?"

"काय?"

"वरून तिसरं! बाकी सगळी शंखी, आणि मध्येच हे... हे दुधी आहे का रे, भोंग्या?" आत्याबाईंचा आवाज कापत होता. "की खडू? माणूस सरकारी, आणि छातीवर हा अनाचार!"

"अहो, बायकोने शिवलंय, तुटलं होतं म्हणून..." इन्स्पेक्टरची त त प प सुरू झाली.

"इथे ठरत नाही," आत्याबाईंनी निकाल दिला. "वादातला पांढरा उन्हातच बघावा लागतो. चला बाहेर!" आणि त्यांनी इन्स्पेक्टरला शर्टाच्या पट्टीला धरलं, खुर्ची मागे सारली आणि त्याला म्हशीसारखा ओढत भर दुपारी, भर कामाच्या वेळेत, अंगणात नेला.

ड्रम थांबले. कारखान्यात टाचणी पडली असती तर दचकली असती.

"आत्याबाई उठल्या," वहिनी कुजबुजल्या.

"आत्याबाई बाहेर गेल्या!" फोरमनचा चेहरा पांढराफटक पडला, कुठला पांढरा ते सांगायला आत्याबाई आत नव्हत्या. "म्हणजे... म्हणजे भोंगा वाजला रे! पळा!"

नुसतंच उलटं! 'नाही' न लावता! चहाच्या किटलीखाली चिरडलेलं ते वाक्य आत्ता सगळ्यांच्या डोक्यावरून सुसाट गेलं. या वेळी भोंगा मुळात वाजलाच नव्हता. पण माणसं अशी पळाली, की कॅन्टीनवाला किटलीसकट आधी पोचला आणि टेम्पो ड्रायव्हर टेम्पोच्या आधी. बघता बघता कारखाना रिकामा. इतकी सुरेख ड्रिल कुणी बघितली नसेल, फक्त तिच्यात भोंगा नव्हता.

भोंगेसाहेबांच्या डोक्यात वीज चमकली. सगळे बाहेर आहेत! आता भोंगा वाजला, की काम फत्ते! ते आत धावले आणि खटका दाबला. भोंगा केकाटला.

"वाजला का?" बाहेर इन्स्पेक्टरने आशेने विचारलं. त्याचा शर्ट अजून आत्याबाईंच्या मुठीत होता.

फोरमनने आत बघितलं. "भोंगेसाहेब आत आहेत. नाही वाजला."

"चला मग आत..." पाच-सहा जण वळलेही.

"थांबा! थांबा रे बाबांनो!" साहेब बोंबलत बाहेर आले. ते बाहेर आले तर खटका आत. ते आत गेले तर भोंगा वाजलेला नाही. असा पेच जगात कुणाला पडला असेल! साहेब दोनदा आत गेले, दोनदा बाहेर आले, तिसऱ्यांदा उंबरठ्यावरच अडकले: एक पाय आत, एक बाहेर. फोरमन त्या पायांकडे बघत म्हणाला, "आता मात्र अर्धाच वाजला असं म्हणावं लागेल."

तेवढ्यात वहिनींनी झरोके उघडायची लांब काठी त्यांच्या हातात कोंबली. "अहो साहेब, खिडकीतून ढोसा की!"

साहेबांनी काठी खिडकीच्या गजांतून आत घातली. "डावीकडे... अजून... तो दिव्याचा आहे... खाली!" अख्खा कारखाना दिशा सांगत होता. काठी खटक्यावर बसली. भोंगा केकाटला. फोरमनने खोली, दालन, गोदाम, सगळीकडे बाहेरूनच डोकावून बघितलं आणि गंभीरपणे परत आला.

"आत कुणी नाही. साहेब, आमची काही हरकत नाही. वाजलाय."

इन्स्पेक्टरला रडू यायचं तेवढं बाकी होतं. "देवा! म्हणजे माझे कान ठीक आहेत!" आणि त्याने तिथल्या तिथे 'पास' असा शेरा मारून खाली सही ठोकली.

साहेबांना पाय पसरलेले दिसले. ते मालकांकडे वळले. "मालक, ड्रिल पास. मग... मी कायम ना?"

मालक मिशीत हसले. उलटनाहीचा ताप त्यांनाही भरलेला होताच. "मी काय म्हणालो होतो? ड्रिल पास झाली, तर तुम्ही कायम. आता आहात का तुम्ही कायम?"

"अजून... नाही."

"झालं तर! कायम नाही, म्हणजे ड्रिल पास झालेली नाही. तुमचाच धडा हो." आणि ते लोकांकडे वळले. "चला, कामाला लागा!"

इन्स्पेक्टरने आपलीच सही दोनदा वाचून बघितली.

पण कामाला कुणी लागेना.

"मालक, आत्याबाई बाहेर आहेत," फोरमन म्हणाला. "म्हणजे भोंगा वाजलेला आहे. आत कसं जाणार?"

"अगं आत्या, आत जा ना!"

आत्याबाईंनी इन्स्पेक्टरचा शर्ट सोडला. बटण खडू निघालं होतं. त्यांचं मन आधीच खट्टू झालेलं. "माझी नजर आज गेली उन्हात. आता आत बसून काय माशा मारू? आणि काय रे? शब्द दिलास, तो खरा करायचं सोडून खोटा कसा पडला नाही ते सिद्ध करत बसलास? हेच शिकवलं का मी तुला? हा पोरगा कायम होईपर्यंत मी काही आत येत नाही. उद्याही नाही."

कॅन्टीनवाल्याने लगेच किटली खाली ठेवून बस्तान मांडलं. वहिनींनी पत्त्यांचा जोड काढला.

मालकांना घाम फुटला. माल संध्याकाळच्या आत जायचा होता. "अरे, सांगा त्यांना, भोंगे! नुसतं उलटं चालत नाही म्हणून सांगा! आत्या बाहेर आली म्हणून भोंगा वाजलाच असेल असं कुठंय?"

साहेबांनी काठी भिंतीला नीट टेकवली. हात झटकले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कसलीही घाई नव्हती.

"मालक, मी इथला कायमचा माणूस असेन, तर त्यांना नक्की समजावून सांगेन. आणि मी तर सांगत नाहीये. बघा उलटनाही करून, काय निघतंय."

अंगण खदखदून हसलं. इन्स्पेक्टरसुद्धा, त्याचं हसणं ऐकून तोच दचकला. मालकांनी आधी आत्याकडे बघितलं, मग उभ्या टेम्पोकडे, मग पत्ते वाटणाऱ्या वहिनींकडे. "आणा कागद," ते म्हणाले. पेन इन्स्पेक्टरचं आणि टेबल म्हणून पाठही इन्स्पेक्टरचीच. भोंगेसाहेब कायम झाले.

शब्दाला जागून ते लगेच एका खोक्यावर चढले आणि नुसतं उलटं का चालत नाही ते समजावून सांगू लागले. बटणांपासून सुरुवात केली, टेम्पोवर आले, मग वहिनींच्या नवऱ्यावर. लोकांनी इतके प्रश्न विचारले, इतकी उदाहरणं मागितली आणि फोरमनला तर एकच गोष्ट इतक्यांदा पटेनाशी झाली, की सगळ्यांना सगळं नीट पटलं तेव्हा सुट्टीची घंटा झाली आणि सगळे घरी गेले.